ऑफिस टाकून देताना

पौड हे मुळशी तालुक्याचं ठाणं. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट करत इथवर येणारा माणूस बहुतेक वेळा कागदासाठी येतो. तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय सगळं इथेच, आणि त्यांच्या आसऱ्याने आमच्यासारखी टायपिंग-झेरॉक्सची दुकानं. सकाळी वारसनोंदीचा अर्ज, मग वकीलसाहेबांचं प्रतिज्ञापत्र, दुपारी दूध संस्थेच्या सभेची नोटीस, संध्याकाळी कुणाच्या मुलीचा बायोडेटा. पावसाळ्यात मध्येच वीज जाते, यूपीएस ओरडायला लागतो आणि समोर बसलेले आजोबा घाबरून विचारतात, "ताई, माझं गेलं का काय?"

त्यांचं जाऊ द्यायचं नाही, याचेच मला पैसे मिळतात. म्हणून मशिनवर कुठलं सॉफ्टवेअर आहे हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही. माझ्या दुकानात लिबरऑफिस चालतं. पत्र लिहायला रायटर, हिशेबाला कॅल्क, शाळेच्या सादरीकरणाला इम्प्रेस. किंमत शून्य. हे ऐकलं की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार." शंका रास्त आहे. तिचं उत्तर नीट द्यायला हवं.

बाजारातली पद्धत

जगभरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर जिथे लिहिलं जातं ते हिंजवडी आणि माण आमच्याच तालुक्यात आहेत. तरी गावात नवं मशीन आलं की घेणारा दुकानदाराला एवढंच सांगतो, "विंडोज मारून द्या आणि ऑफिस टाकून द्या." दुकानदार पेनड्राइव्ह लावतो आणि टाकून देतो. परवाना कुठला, किती मशिनसाठी, कुणाच्या नावावर, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब मात्र अशा वापरासाठीच लिहिलेलं आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. आमच्यासारख्या दुकानांना ती पळवाट नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅक केलेल्या प्रतीबरोबर काय काय येतं ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ या दिवसाने तर जुन्या मशिनवाल्यांची चांगलीच अडचण केली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही. सॉफ्टवेअर बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. विंडोज ११ ला बरीच जुनी मशिनं चालत नाहीत. धडधाकट मशीन भंगारात घालायचं, की त्यावर वेगळं काही चालवायचं, हा प्रश्न त्या वर्षी अनेक शाळा, पतसंस्था आणि माझ्यासारखे दुकानदार यांच्यापुढे आला.

हे बनवतं कोण?

लिबरऑफिसचं मूळ जर्मनीत आहे. मार्को बोरिस नावाच्या मुलाने १९८५ साली स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली, तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी त्याचा आतला सगळा कोड जगासाठी खुला केला. त्याचं नाव पडलं ओपनऑफिस. पुढे २०१० च्या जानेवारीत सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. नवा मालक या कामाचं काय करेल याचा भरवसा वाटेना, तेव्हा त्यावर राबणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडले आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं. कोड खुला असल्यामुळे त्यांना तो बरोबर नेता आला. लिबरऑफिस त्यातून झालं. आज हे फाउंडेशन बर्लिनमधून चालतं. कोड लिहिणाऱ्यांत स्वयंसेवक आहेत, तसेच या कामावर धंदा चालवणाऱ्या कंपन्यांचे पगारी लोकही.

फुकट कसं परवडतं, याचं उत्तर इथे आहे. कंपन्या सॉफ्टवेअर विकत नाहीत. मोठ्या संस्थांना ते बसवून देणं, चालू ठेवणं, हवं तसं बदलून देणं याचे पैसे घेतात. आपल्यासारखा साधा वापरणारा त्यात आपोआप सामावतो. जुन्या ओपनऑफिसचं नावही अजून आहे, ते अपाची फाउंडेशनकडे गेलं. पण तिथे काम फार संथ चालतं, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने लिबरऑफिसच घ्यावं. त्याच्या आवृत्तीचा आकडा हल्ली वर्ष आणि महिन्यावरून असतो. २५.८ म्हणजे २०२५ चा ऑगस्ट.

एक गल्लत मात्र नेहमी होते. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोचं ऑफिस वापरायला लागल्याचं जाहीर केलं, तेव्हा पुष्कळांनी मला विचारलं, "मग हे तुमचंच ना?" नाही. झोहो भारतीय कंपनी आहे, पण तिचं ऑफिस मुक्तस्रोत, म्हणजे खुलं, नाही. फुकट असणं एक, स्वदेशी असणं दुसरं आणि खुलं असणं तिसरं. गुगलचं ऑनलाइन ऑफिस बहुतेकांना फुकट आहे, पण खुलं नाही. खुलं म्हणजे कोड कुणालाही पाहता येतो, बदलता येतो, वाटता येतो. एका मशिनवर टाका की शंभर मशिनवर, परवानगी लागत नाही. कंपनी बुडाली, विकली गेली किंवा तिचं मन बदललं, तरी दुसरं कुणी तेच काम पुढे नेऊ शकतं. २०१० मध्ये नेमकं तेच झालं.

न्यायालयाच्या मशिनवर

"सरकारी कामात हे चालतं का?" हा पुढचा प्रश्न. याचं सगळ्यांत ठोस उत्तर पौडला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचं संगणकीकरण २००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्‌स प्रकल्पातून झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने त्यासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची वाट धरली. न्यायाधीशांना लॅपटॉप दिले ते विंडोजऐवजी उबंटू लिनक्स या खुल्या प्रणालीचे, आणि १४,००० हून जास्त न्यायिक अधिकाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. आपल्या खटल्याची पुढची तारीख ज्या प्रणालीतून मोबाइलवर कळते, ती सीआयएस (केस इन्फर्मेशन सिस्टिम) केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेच्या पुण्यातल्या मंडळींनी तयार केली, तीही मुक्तस्रोत साधनांवरच. म्हणजे ज्याला आपण 'नवखं, बिनभरवशाचं' म्हणतो, त्यावर देशभरच्या न्यायालयांचं रोजचं काम चाललं आहे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरणही काढलं. केरळच्या शाळांनी तर त्याच्याही कितीतरी आधी ही वाट धरली. बाहेर पाहायचं तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर न्यायचं ठरवलं. याच जर्मनीत उलटंही झालेलं आहे. म्युनिक शहराने सुमारे पंधरा हजार मशिनं लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. बदल टिकतो तो सॉफ्टवेअरइतकाच माणसांच्या जिवावर, हे त्या दोन्ही उदाहरणांवरून शिकावं.

खरी अडचण जुन्या फॉन्टची

आमच्या धंद्यात बदलाला अडवतो तो मेनू नव्हे, तर जुना मॅटर. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशिनवर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी टायपिंग फॉन्ट-पॅकेजांवर चालायचं. त्या फाईलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट मशिनवर आहे तोवर सगळं सुंदर. फॉन्ट गेला की 'सत्यप्रतिज्ञेवर' च्या जागी परदेशी चिन्हांची खिचडी. काही पॅकेजांना तर मशीनच्या मागे डोंगल लावावा लागे, आणि डोंगल हरवला की विकत घेतलेलं पॅकेजही मुकं.

तालुक्यातल्या एका संस्थेचे सचिव एकदा त्यांच्या जुन्या इतिवृत्तांची फोल्डरं घेऊन आले. टाइप करणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, फॉन्ट कुठला ते कुणालाच आठवत नव्हतं. फाईल उघडत होती, पण वाचता येत नव्हती. ही अडचण कुठल्याही ऑफिसमध्ये तशीच राहते, लोक मात्र खापर नव्या सॉफ्टवेअरवर फोडतात. त्यावर उपाय एकच: जुना मॅटर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा आणि मग डोळ्यांत तेल घालून प्रूफ वाचायचं. रफार जागा सोडतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते आणि 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' मधला अर्धा र हमखास बिघडतो. जमिनीच्या कागदात 'लिहून देणाऱ्या' आणि 'लिहून घेणाऱ्या' हे शब्द जागोजागी येतात, तेव्हा हे वाचन टाळून चालत नाही.

युनिकोडमध्ये आल्यावर मात्र सुटका होते. टायपिंगच्या सवयीलाही धक्का लागत नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये अंगचंच आहे. ज्यांची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टनवर घडली, त्यांच्यासाठी सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम हे टायपिंगचं साधन आहे, आणि ते युनिकोडमध्ये ठेवलं की लिबरऑफिसमध्येही मराठी उमटवतं. फॉन्टही आता खुले आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, रेड हॅटने खुला केलेला लोहित, गुगलचा नोटो. हे कुठल्याही मशिनवर कायदेशीरपणे टाकता येतात.

बसवताना काय करावं

पहिली गोष्ट, एकदम सगळं काढून टाकू नये. लिबरऑफिस आणि जुनं ऑफिस एकाच मशिनवर सुखाने नांदतात. महिना-दोन महिने नवं काम नव्यात करावं, जुन्या फाईली लागतील तशा उघडाव्यात.

मराठीसाठी एक सेटिंग आधी करावं. 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये भाषेच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' हा भाग असतो. तिथे मराठी निवडावी. लिबरऑफिस एकाच परिच्छेदातल्या इंग्रजीसाठी एक आणि देवनागरीसाठी दुसरा फॉन्ट लक्षात ठेवतं. हे माहीत नसलं की माणूस स्टाइलमध्ये इंग्रजीचा आकार वाढवत बसतो, मराठी ढिम्म हलत नाही, आणि निष्कर्ष निघतो की "याला मराठी येत नाही". त्याला मराठी येते. मेनूसुद्धा मराठीत करता येतो आणि शब्द तपासणारा मराठी कोशही मिळतो. कोळवण, हाडशी, दासवे अशा नावांखाली लाल रेघ आली, तर ती नावं आपल्या कोशात घालून टाकायची.

ज्यांना वरच्या पट्टीवरच्या टॅबची सवय आहे, त्यांनी 'व्ह्यू'मधून 'युजर इंटरफेस'मध्ये जाऊन 'टॅब्ड' निवडावं, मग परकं वाटत नाही. दुसऱ्याला पाठवायची फाईल असेल तर डॉक्सच्या रूपात साठवता येते, आणि नेहमीच तसं हवं असेल तर ते कायमचं ठरवताही येतं. फक्त लेआउट हलू शकतो. कारण बहुधा फॉन्टचं असतं. वकीलसाहेबांच्या मशिनवर मंगल फॉन्ट आहे, माझ्या लिनक्सवर नाही, मग दुसरा फॉन्ट येतो, ओळी लांबतात आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. दोघांनी एकच खुला फॉन्ट ठरवला की हा तंटा मिटतो. पुढे दुरुस्ती व्हायची नसेल तर सरळ पीडीएफ द्यावी, त्याचं बटण पट्टीवरच आहे. 'हायब्रिड पीडीएफ' नावाची एक सोय माझी लाडकी: छापायला पीडीएफ, पण तिच्याच पोटात मूळ फाईलही असते, त्यामुळे लिबरऑफिसमध्ये उघडली की दुरुस्त करता येते.

वीज जाणाऱ्या गावांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. 'लोड/सेव्ह'च्या पानावर आपोआप जतन करण्याची वेळ दोन-तीन मिनिटांवर आणावी आणि 'बॅकअप कॉपी'ची खूण करावी. आणि ऑटोटेक्स्ट शिकून घ्यावं. 'मी खाली सही करणार, वय, धंदा शेती, रा., ता. मुळशी, जि. पुणे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' हा सगळा मजकूर एका छोट्या खुणेत बांधून ठेवता येतो. खूण टाइप करून एफ३ दाबलं की पूर्ण ओळ उतरते. माझ्याकडे टायपिंग शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्यांदा हेच शिकवते, कारण त्यानंतर त्यांना सॉफ्टवेअरचा राग येत नाही.

स्वतःहून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिसचे छोटे छोटे पाठ मराठीत आहेत. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा. गिऱ्हाईक नसताना एक पाठ सहज होतो.

जिथे थांबावं

काही जणांना मी स्वतःच सांगते, तुम्ही बदलू नका. ज्यांच्या एक्सेलमध्ये मोठे मॅक्रो आहेत त्यांचं काम कॅल्कमध्ये अर्धवट चालतं. कर खात्यांची काही साधनं एक्सेल गृहीत धरूनच बनवलेली असतात, त्यामुळे कर सल्लागाराच्या टेबलावर एक परवान्याचं एक्सेल असलेलं बरं. एखाद्या कंपनीच्या मोठ्या साहेबाला रोज पन्नास जणांबरोबर एकाच फाईलवर खुणा-शेरे करायचे असतील, तर सगळे ज्यात आहेत त्यातच राहावं. पतसंस्थेत दहा मशिनं असतील, तर एकावर एक्सेल आणि नवांवर लिबरऑफिस हा हिशेब बसतो. सगळं किंवा काहीच नाही, असा हट्ट नको.

फाईलच्या पोटात

एवढं सगळं सांगूनही पैसे वाचणं हे माझ्या लेखी दुय्यम कारण आहे. मुख्य कारण फाईलचं.

लिबरऑफिसची स्वतःची फाईल ओडीटी. तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं आणि उघडलं, तर आत काही साध्या मजकुराच्या फाईली दिसतात. एकीत आपलं लेखन, एकीत मांडणी, एकीत फाईल कधी केली वगैरे माहिती. लेखनाची फाईल नोटपॅडमध्ये उघडा. खुणांच्या गर्दीत आपलं मराठी वाक्य जसंच्या तसं वाचता येतं. लिबरऑफिस उद्या जगातून नाहीसं झालं, तरी मजकूर काढून घेता येईल. हे स्वरूप ओडीएफ म्हणून २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि ते कसं लिहायचं-वाचायचं याचे नियम कुणालाही मिळतात. मायक्रोसॉफ्टचं नवं स्वरूपही आता झिपच आहे आणि २००८ मध्ये त्यालाही मानकाचा शिक्का मिळाला. भारताने मात्र त्या वेळी त्याच्या विरोधात मत दिलं होतं. २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं, त्यामागचा विचार हाच: सरकारी कागद एका विक्रेत्याच्या दाराशी बांधलेला नसावा.

मुळशीत याचं मोल वेगळं सांगायला नको. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला तो जमिनीसाठी, आणि जमिनीचे प्रश्न घेऊन लोक आजही माझ्या टेबलापर्यंत येतात. कुणाच्या पिशवीतून पणजोबांचा मोडीतला कागद निघतो. घरात कुणाला वाचता येत नाही, पण पुण्यात वाचणारा सापडतो, कारण मोडी कुणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती. ज्याला शिकायची त्याला शिकता आली. आपण आज जे टाइप करतो आहोत ते आपल्या पणतवंडांना वाचता यावं, एवढी तरी सोय आपल्याकडून व्हायला हवी. त्या सचिवांच्या संस्थेची वीस-बावीस वर्षांपूर्वीची इतिवृत्तं वाचता येत नाहीत आणि शंभर वर्षांचा मोडी कागद वाचता येतो, ही शरमेची गोष्ट आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती अमलात आणायला सरकारी आदेश लागत नाही. गावाची सोसायटी, दूध संस्था, भजनी मंडळ, महिला बचत गट यांनी पुढच्या सभेत एक साधा ठराव करावा: संस्थेचं इतिवृत्त, सभासद यादी आणि नोटिसा यापुढे युनिकोडमध्येच टाइप होतील, प्रत्येकीची एक प्रत ओडीएफमध्ये आणि एक पीडीएफमध्ये राहील, दोन्ही प्रती सचिवाच्या मशिनवर आणि शिवाय आणखी एका जागी ठेवल्या जातील. ग्रामसभेत हा विषय निघाला तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही तो पटायला हरकत नाही. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, बसवायला एक दुपार. ठरावाचा मसुदा मी फुकट टाइप करून देते, प्रिंटचे तेवढे पैसे पडतील.